पिकअप सरळ रस्त्यावरही इकडे-तिकडे जाते? अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी हे वाचा

नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि रातोरात माळशेज घाट उतरून मुंबईकडे निघायचं, हे कित्येक पिकअपवाल्यांचं रोजचं काम. अशा गाडीचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही सारखं सावरावं लागत असेल, तर हात भरून येतातच. पण समोरून ट्रक आला की हातभर सरकलेली गाडीही जिवावर बेतू शकते.

मग काय, गाडी थेट अलाइनमेंटला जाते. चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू! असं का होतं?

आधी दुखणं ओळखा

गाडी कायम एकाच बाजूला ओढत असेल, तर टायरमधली कमी-जास्त हवा किंवा एखाद्या चाकाचा धरून राहिलेला ब्रेक बघायचा. ठरावीक स्पीडला स्टेअरिंग थरथरत असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. पण गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत असेल, तर ते दुखणं वेगळं. ते शोधायचं ते स्वस्त गोष्टींपासून महागड्या गोष्टींकडे जात.

१. हवा आणि माल

कंपनीने पुढच्या आणि मागच्या टायरसाठी किती हवा सांगितलीय, ते गाडीच्या पुस्तकात असतं. टायर थंड असताना तेवढी हवा भरा. मागच्या टायरमध्ये हवा कमी आणि वर माल जास्त असेल, तर टायरच्या बाजूच्या भिंती दबतात आणि गाडी मागून डुलते. एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन टायर असेल तरी गाडी सरळ राहत नाही.

माल मागच्या चाकांच्याही मागे लादला, तर पुढची बाजू हलकी होते. पुढच्या चाकांवर वजनच नसेल तर ती रस्ता धरणार कशी? म्हणून जड माल केबिनच्या बाजूला ठेवा आणि आरसीवरच्या मर्यादेतच भरा.

२. दोन माणसांची टेस्ट

गाडी सपाट जागेवर उभी करा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर आणि मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टेअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून टायरॉड एंड, ड्रॅग लिंक असे सांधे बघायचे. सांध्याचं एक टोक हलतंय आणि दुसरं तिथेच आहे? मग प्ले तिथे आहे.

३. चाक हलवून बघा

पुढचं चाक उचला, पण गाडी नुसत्या जॅकवर सोडू नका, खाली स्टँड लावा. टायर वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली, तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर बहुधा चाकाची बेअरिंग ढिली आहे. तरीही राहिली, तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन झिजलंय.

याच्या उलटही होतं. ग्रीस न मिळाल्याने सांधा जाम झाला, की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि ड्रायव्हरला सतत सावरत बसावं लागतं. म्हणजे प्ले नसतानाही गाडी भटकते.

४. मागच्या पाट्यांकडेही बघा

इथे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले, सेंटर बोल्ट तुटला किंवा बुश संपले, तर मागचा ॲक्सल जागेवरून सरकतो. मग स्टेअरिंग हातात असलं तरी गाडीला दिशा मागची चाकंही देत राहतात! त्यामुळे फक्त पुढची बाजू उघडून हे दुखणं सापडत नाही.

५. स्टेअरिंग बॉक्स

बाकी सगळं घट्ट असेल, तरच बॉक्सवर संशय घ्या. बऱ्याच बॉक्सवर प्ले कमी करायचा स्क्रू असतो आणि तो आवळून दिला की झालं, असं वाटतं. पण तो जास्त आवळला तर स्टेअरिंग जड होतं, मध्यावर अडकतं आणि गाडी आणखी भटकते. हे काम जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्या.

मग अलाइनमेंट कधी?

सगळ्यात शेवटी. पुढची चाकं वरून पाहिली तर किती आत किंवा बाहेर झुकलीत, याला टो म्हणतात. चाक ज्या रेषेभोवती वळतं ती मागे किती कललीय, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा फोर्क असाच कललेला असतो, म्हणून सायकल सरळ जाते. टो बाहेरच्या बाजूला गेला किंवा कॅस्टर कमी झाला, की गाडी भटकते. पण सांधेच ढिले असतील, तर मशीनवर मिळालेलं माप पहिल्याच खड्ड्यात बदलतं. चार दिवसांत पुन्हा तेच का होतं, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर 'अलाइनमेंट करून द्या' असं म्हणू नका. 'आधी प्ले कुठे आहे ते दाखवा,' असं म्हणा. आणि प्ले सापडला, तर तो काढल्याशिवाय माल भरून घाटात उतरू नका.