अवलंबन : एका शब्दाच्या दोन बाजू

एखादे साहित्य दुसऱ्यावर 'अवलंबून' आहे असे म्हटले की त्याला गौणत्व चिकटते. शब्दाचा इतिहास मात्र या निवाड्याला दुजोरा देत नाही. संस्कृतात 'अव'पूर्वक 'लंब्' धातूचे दोन अर्थ आहेत : खाली लोंबणे आणि आधार धरणे. मराठीत ते दोन रचनांत विभागले. 'मार्ग अवलंबिणे' येथे मार्ग हे कर्म असून निवड कर्त्याची असते. 'पावसावर अवलंबून असणे' येथे 'वर' हे शब्दयोगी अव्यय येते आणि कर्तृत्व लोपते. उपकाराचे ओझे सुचविणारा 'मिंधेपणा' ही त्यापुढची पायरी होय.

कन्नडात 'मेले' या शब्दाने होणारी, मराठी 'वर'सारखी रचना आढळते. परंतु 'मळेयन्नु अवलंबिसिदे' असेही म्हणतात. येथे पाऊस द्वितीयेत आहे. मराठीत जेथे लोंबणे उरले, तेथे कन्नड व्याकरणाने धरणेही राखले.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. बेंगळुरूच्या चामराजपेटेत १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे कार्यालय आहे. परिषदेच्या कार्याशी निगडित असलेल्या बी. एम. श्रीकंठय्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'इंग्लिष् गीतगळु'मध्ये इंग्रजी कवितांची रूपांतरे केली. आशय परका होता. लयी मात्र कन्नड मात्रागणांतून घडविल्या गेल्या. हे काव्य इंग्रजीवर अवलंबून होते, की त्याने इंग्रजी काव्य अवलंबिले? प्रभावाची चर्चा करताना आधार कोणाचा, एवढेच विचारून भागत नाही. तो धरणाऱ्या हाताने पुढे काय घडविले, हेही पाहावे लागते.