कोड एडिटरची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात मोडणाऱ्या परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी, मग तो जिंतूरचा असो, सेलूचा असो वा गंगाखेडचा, संगणकशास्त्राच्या वर्गात दाखल होतो तेव्हा भाषेची मुळाक्षरे गिरवण्यापूर्वीच ‘एडिटर कोणता घ्यावा?’ या चिंतेने त्याला ग्रासलेले असते. आणि या प्रश्नाभोवती ऐकीव मतांचे इतके रान माजले आहे की, एका दुपारी उरकण्याजोगी बाब विनाकारण तहकूब राहते.

गैरसमज : एडिटर बसवला की प्रोग्राम चालतो.
वस्तुस्थिती : एडिटरचा अंमल मजकूर लिहिणे, दुरुस्त करणे आणि जतन करणे एवढ्यापुरताच असतो, त्या मजकुराची यंत्राकडून अंमलबजावणी करवून घेणे हे कंपायलरचे अथवा इंटरप्रिटरचे काम होय. व्हीएस कोड बसवून सी भाषेतला पहिला प्रोग्राम चालवू पाहणाऱ्यास ‘जीसीसी’ ही आज्ञा अनोळखी असल्याचा शेरा पुष्कळदा मिळतो, तो याच कारणाने : कंपायलर स्वतंत्रपणे बसवायचा राहिलेला असतो. पायथॉनच्या विंडोजवरील अधिकृत संचात मात्र इंटरप्रिटरच्या जोडीला आयडल हा छोटा एडिटरही येतो, आणि नवशिक्याचा आरंभ तेवढ्यावर सहज निभावतो.

गैरसमज : निळ्या पडद्याचे टर्बो सी म्हणजेच सी भाषा.
वस्तुस्थिती : बोरलँड कंपनीने १९८७ साली डॉससाठी काढलेले हे साधन आपल्याकडील अनेक प्रयोगशाळांत शिरस्त्याने टिकून राहिले असले, तरी आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते डॉसबॉक्सच्या आधाराखेरीज चालत नाही. त्यातला ‘इंट’ १६ बिटांचा असल्याने ३२७६७ पेक्षा मोठी संख्या त्यात मावत नाही. परिणामी फॅक्टोरियलचा नेहमीचा प्रोग्राम सातपर्यंत बिनचूक चालतो आणि आठाला ४०३२० ऐवजी उणे २५२१६ असे उत्तर देतो. तोच प्रोग्राम आजच्या जीसीसीवर बरोबर उत्तर देतो. तेव्हा परीक्षेपुरते टर्बो सी वापरण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या मर्यादा भाषेच्या माथी मारू नयेत.

गैरसमज : चांगल्या एडिटरसाठी पैसा आणि भारी लॅपटॉप लागतो.
वस्तुस्थिती : व्हीएस कोड, नोटपॅड प्लस प्लस, जीनी आणि विम हे चारही विनामूल्य आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हीएस कोड मात्र आपल्याबरोबर ब्राउझरचे इंजिन वागवीत असल्यामुळे जुन्या, तुटपुंज्या मेमरीच्या संगणकावर रेंगाळतो. तेथे विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस आणि लिनक्सवर जीनी ही तजवीज अधिक शहाणपणाची. ऐन उन्हाळ्यात वीज गेली तर काम बुडू नये म्हणून व्हीएस कोडमधील ‘ऑटो सेव्ह’ ताबडतोब चालू करावे.

गैरसमज : खरा प्रोग्रामर विमच वापरतो.
वस्तुस्थिती : बिल जॉय यांच्या व्हीआयच्या परंपरेतील विम ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला, आणि जेथे माऊस व खिडक्या नाहीत अशा दूरच्या सर्व्हरवर त्याची उपयुक्तता आजही निर्विवाद आहे. परंतु लिहिण्याची अवस्था निराळी आणि आज्ञा देण्याची निराळी, हा त्याचा मूळ शिरस्ताच असल्याने, ज्याला अद्याप ‘फॉर लूप’ नीट उमगलेला नाही त्याच्यावर तो दुहेरी अभ्यासाचे ओझे लादतो. ते ओझे वर्षभराने उचलले तरी काही बिघडत नाही.

सारांश, विंडोजवर पायथॉन शिकणाऱ्याने आयडल, सी शिकणाऱ्याने जीसीसीसह आपल्या संगणकाला पेलेल तो एडिटर घ्यावा आणि निदान एक सत्रभर तो बदलू नये. सी अथवा पायथॉनची फाइल ही निव्वळ साध्या मजकुराची असते व ती कोणत्याही एडिटरमध्ये जशीच्या तशी उघडते. त्यामुळे आजची निवड उद्या फिरवावी लागली, तरी लिहिलेल्यापैकी एक ओळही वाया जात नाही.