मिनीच्या यादीत नसलेला काँट्रा

१० नोव्हेंबर २०१६ ला जपानमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत निन्टेंडोने तळहातावर मावेल एवढा एक डबा, 'मिनी', विकायला काढला. १९८३ चे फॅमिकॉम आणि अमेरिकेत १९८५ मध्ये आलेले त्याचे रूप, म्हणजे एनईएस, यांच्या त्या छोट्या प्रतिकृती होत्या. आत ३० गेम आधीच भरलेले. एचडीएमआयची वायर टीव्हीत खोचली की खेळ सुरू. अमेरिकेत किंमत ६० डॉलर. माल आला की हातोहात संपायचा आणि मग तोच डबा दामदुप्पट भावाने फिरायचा. एप्रिल २०१७ मध्ये उत्पादन थांबले तोवर २३ लाख डबे खपले होते. लोकांनी पाठ सोडली नाही, म्हणून २०१८ च्या जूनअखेर तो पुन्हा बाजारात आणावा लागला.

सोलापुरात बसून मी आणि माझ्या वर्गमित्रांनी त्या ३० गेमची यादी वाचली, आणि सगळ्यांनी आधी एकच नाव शोधले: काँट्रा. ते नव्हते. त्याचा पुढचा भाग, सुपर सी, होता. झेल्डाचे दोन गेम होते, फायनल फँटसी होता, टेक्मो बोल हा अमेरिकी फुटबॉलचा गेम होता. सुपर मारिओचे तिन्ही भाग होते. बलून फाइट, एक्साइटबाइक, गॅलॅगा ही ओळखीची नावे दिसली. पण डक हंट नव्हता. रणगाड्यांचा बॅटल सिटी नव्हता. रोड फायटर, सर्कस चार्ली, ॲडव्हेंचर आयलंड यांतला एकही नव्हता. ज्या गेमवर आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या ते बहुतेक सगळे गाळलेले होते. का, ते शोधायला गेले की भारतातल्या व्हिडिओ गेमचा बराचसा इतिहास हाती लागतो.

निन्टेंडोचे यंत्र भारतातल्या बहुतेक घरांत आले ते परक्या नावाने. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. तैवानच्या यूएमसीसारख्या कंपनीने फॅमिकॉमच्या प्रोसेसरची आणि पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपची नक्कल केली होती, आणि अशा चिपांवर जगभर स्वस्त यंत्रे उभी राहिली. रशियात डेन्डी, पोलंडमध्ये पेगॅसस, आपल्याकडे वर सांगितलेल्यांतली बहुतेक. पुढे सगळे यंत्र एकाच चिपमध्ये मावले. ती चिप काळ्या थेंबाखाली झाकलेली असे, म्हणून असला डबा उघडला तर आत बहुतेक पोकळीच सापडायची. बाहेरून हुबेहूब प्लेस्टेशन आणि आत फॅमिकॉम असा 'पॉलिस्टेशन'ही याच घराण्यातला.

आम्ही यातल्या कशालाच कंपनीच्या नावाने ओळखत नव्हतो. तो 'टीव्ही गेम', त्यात घालायची ती 'कॅसेट', आणि हातात धरायचे ते 'रिमोट'. नवी पेठेतल्या दुकानात तो काचेमागे दिसायचा. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानावरच्या खेळण्यांच्या गर्दीतही दिसायचा. ज्यांच्या घरी नव्हता ते तासाचे पैसे देऊन खेळायचे, किंवा ज्याच्या घरी होता त्याच्याकडे दुपारी जाऊन बसायचे. बाहेर चाळीसच्या वर पारा, शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा खडखडाट, आणि आत अँटेनाची पिन काढून तिथे गेमची वायर खोचून चॅनेल लावण्याची खटपट. रणगाडे दोघांनी मिळून खेळायचे, म्हणून बॅटल सिटीची एकही फेरी भांडणाशिवाय संपत नसे. वीज गेली की सगळे शून्यावर. गेम जिथल्या तिथे साठवून ठेवण्याची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती.

आणि यादीतल्या फरकाचे मूळ इथेच, कॅसेटच्या चिपमध्ये आहे. बॅटल सिटी, सर्कस चार्ली, डक हंट हे प्रत्येकी २४ किलोबाइटचे गेम. मूळ सुपर मारिओ ४० किलोबाइटचा. असे लहान गेम एका स्वस्त चिपवर डझनांनी बसतात, म्हणून 'इतके इन वन' कॅसेटवाल्यांनी तेच उचलले. लेबलवरचा आकडा काही लाखांत असला तरी आत तेच दहा-वीस गेम नावे बदलून आणि सुरुवातीची पातळी बदलून पुन्हा पुन्हा येत. झेल्डा १२८ किलोबाइटचा. शिवाय खेळ साठवायला त्याच्या कॅसेटमध्ये बॅटरी लागे, आणि इंग्रजी वाचल्याशिवाय त्यात पुढे जाता येत नसे. त्यामुळे अमेरिकेत जो गेम एका पिढीचे दैवत झाला तो सोलापुरात पोहोचलाच नाही. आणि बॅटल सिटी, जो निन्टेंडोने अमेरिकेत कधी कॅसेटवर आणलाच नाही, तो आमच्या घराघरांत होता. काँट्राही १२८ किलोबाइटचाच. तो बहुतेक वेळा वेगळ्या कॅसेटवर यायचा, म्हणून ती कॅसेट ज्याच्याकडे असे त्याचा गल्लीत मान असे.

डक हंट गाळण्याचे कारण वेगळे. त्याची बंदूक पडद्यावर काही मारत नव्हती, पाहत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतला सेन्सर तो प्रकाश दिसला का ते तपासायचा. चित्र तत्काळ उमटवणाऱ्या जुन्या पिक्चर ट्यूबवरच हे जमते. एलसीडीवर चित्र उशिरा येते, म्हणून बंदूक आंधळी होते.

आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवी, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५०. फॅमिकॉमचे गेम चित्रागणिक एक पाऊल पुढे जातात. संगीताचा ठेकाही चित्रांवरच मोजला जातो. पाल देशांसाठी बनलेल्या नकली यंत्रांत प्रोसेसरचा वेग जवळजवळ मूळचाच ठेवलेला असे, त्यामुळे सुरांची पट्टी तीच राही आणि लय मात्र सहाव्या हिश्शाने संथ होई. काही नकली चिपांत ध्वनीचे दोन पोत आपसांत बदलले गेले होते, म्हणून आवाजही जरा निराळा. मिनीवर किंवा मोबाइलवर मारिओ लावला की आमच्या पिढीतल्या अनेकांना तो घाईत असल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हे. आमच्या कानांतला मारिओ ५० चा आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने छोटे प्लेस्टेशन काढले, त्यातले काही गेम युरोपी ५० च्या वेगाचे निघाले आणि जगभर ओरड झाली. ती ओरड रास्तच होती. पण त्याच वेगाची आठवण जपायची असेल तर कुठे जायचे, हा प्रश्न आमच्यासारख्यांचा होता.

उत्तर एम्युलेटरमध्ये होते आणि ते मिनीच्या पुष्कळ आधी तयार झाले होते. १९९७ साली फेब्रुवारीत मेम आला, एप्रिलमध्ये नेस्टिकल. मग सोलापुरातही सायबर कॅफे निघाले आणि हे सगळे फ्लॉपीवरून हातोहात फिरू लागले. मारिओच्या आकाराचे तीस-पस्तीस गेम एका फ्लॉपीत सहज बसत. एम्युलेटर म्हणजे काय ते सोलापूरकराला चादरीवरून चटकन कळेल. जकार्डची भोके पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी म्हणजे कॅसेटमधला मजकूर, माग म्हणजे यंत्र. माग मोडीत गेला तरी पट्टी शाबूत असेल आणि तिची भोके वाचून तीच नक्षी काढणारा नवा माग कुणी बांधला, तर चादर पुन्हा विणता येते.

मिनीही आतून हेच आहे. त्यात जुनी चिप नाही. लिनक्सवर चालणारा एक छोटा संगणक आणि निन्टेंडोच्या पॅरिसमधल्या चमूने लिहिलेला एम्युलेटर आहे. सोनीने तर आपल्या डब्यात लोकांनी फुकट लिहिलेला मुक्त एम्युलेटर वापरला. मिनी बाजारात आल्यावर दोन-तीन महिन्यांतच त्यात बाहेरचे गेम घालण्याची युक्ती सापडली, आणि ज्यांना हवा होता त्यांनी काँट्रा घातला.

पुढची काही वर्षे मिनींची रांगच लागली. २०१७ मध्ये सुपर निन्टेंडोचा मिनी आला. त्यात स्टार फॉक्स २ हा वीसेक वर्षे अप्रकाशित राहिलेला गेम होता, ही त्या डब्याने केलेली खरी मोठी गोष्ट. २०१९ मध्ये सेगाचा मेगा ड्राइव्ह मिनी आला, ४२ गेमचा, या सगळ्यांत नेटका. मेगा ड्राइव्हची भारतातली कहाणीही सांगण्यासारखी आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्याला शॉ वॉलेसशी करार करून तो इथे आणला गेला, ८० टक्के आयात शुल्क चुकवण्यासाठी. तरी किंमत पडली १८ हजार. त्या पैशांत तेव्हा मोठा रंगीत टीव्ही येत असे, मग सोलापुरात तो कोण घेणार?

हक्कांचा मुद्दा मला टाळायचा नाही. सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवला जातो ही इथल्या विणकरांची जुनी तक्रार आहे. नक्कल करणाऱ्याने कुणाच्या ताटातले ओढले हे या गावाला कुणी शिकवायला नको. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमलाही लागू आहे. आपल्या मालकीच्या प्रतीची सुरक्षिततेसाठी एक प्रत काढायला तो मुभा देतो, दुसऱ्याने चढवलेली फाइल उतरवून घ्यायला नाही. हे मला मान्य आहे, आणि विकत मिळणारा गेम विकतच घ्यावा असेच माझे म्हणणे आहे. पण जे विकायलाच नाही त्याचे काय? व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के कुठेही विकत मिळत नाहीत असे आढळले. भारतातल्या गेमचे तर याहून अवघड आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या स्टुडिओंनी प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हे गेम केले, 'देसी अड्डा'त कबड्डी आणि विटी-दांडू होते. कुठल्याही कंपनीच्या मिनीत ते येतील असे मला वाटत नाही. ते पुन्हा खेळायचे तर जुनी डिस्क, आणि जुने यंत्र नसेल तर पीसीएसएक्स२ हा एम्युलेटर, एवढाच मार्ग उरतो.

मिनींचा बहर आता ओसरला आहे. एप्रिल २०२४ पासून ॲपलनेही आयफोनवर जुन्या यंत्रांचे एम्युलेटर येऊ दिले. साध्या अँड्रॉइड फोनवर ते कधीचेच चालतात. हजारो गेम आधीच भरलेली चिनी खेळयंत्रे ऑनलाइन मिळतात, 'इतके इन वन'चीच पुढची पिढी, आणि त्यांतल्या गेमवर कुणाचा हक्क आहे हे विकणारा कधी सांगत नाही.

राहिली आमच्या नकली कॅसेटांची गोष्ट. एफसीईयूएक्स आणि मेसेन या एम्युलेटरांत आज 'डेन्डी' नावाचा पर्याय आहे. तो निवडला की ५० चा संथ मारिओ तसाच्या तसा परत येतो. अनेक-गेमी कॅसेटांच्या आतल्या वेड्यावाकड्या जोडण्यांना लोकांनी नंबर दिले आहेत, त्यामुळे त्या कॅसेटांचा मेनू आणि मेनूवरचे संगीतही चालते. मात्र त्यासाठी आधी कुणीतरी ती कॅसेट वाचून तिची फाइल करावी लागते, आणि भारतात विकल्या गेलेल्या अशा अजून न वाचलेल्या कॅसेटा घराघरांतल्या माळ्यांवर धूळ खात असणार. तुमच्याकडे एखादी असेल तर भंगारात देऊ नका. ६० पिनांची कॅसेट वाचणारे यंत्र आर्डुइनोवर घरी जुळवता येते. इंजिनिअरिंगला असलेला भाचा-पुतण्या ते सुट्टीत करू शकेल. कॅसेटचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कोणत्या साली आणि कोणत्या पेठेतून घेतली ते लिहून ठेवा, आणि आतली चिप काळ्या थेंबाखाली असेल तर तो खरवडू नका.