काखेतला चौरस

घरातला एखादा जुना, कामावर वापरून विटलेला शर्ट घ्या, तो उलटा करा आणि कोठे कोठे फाटला आहे ते पाहा. कॉलर घडीवर विरलेली दिसेल, कोपराजवळ कापड पातळ झालेले असेल. हे झिजणे झाले. पण उसवलेली जागा शोधाल तर ती बहुधा काखेतच सापडेल. आजूबाजूचे कापड धड असते, बाकीची शिवण धड असते आणि नेमकी काख उसवलेली असते. असे का व्हावे?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील गावोगावचे ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या कामावरच्या बायका साडीवरून पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट घालतात. तो थंडीसाठी असतो, तसाच उसाच्या पाचटासाठीही असतो. उसाच्या पानाच्या कडेला बारीक दाते असतात आणि त्यांत सिलिका साठलेली असते. वाळूत आणि काचेत असते तीच ही सिलिका. उघड्या कातडीवर असे पान ओढले गेले की करवतीसारखे ओरखडे उठतात. तेव्हा हा शर्ट म्हणजे कामाचे एक हत्यारच समजा, कोयत्याइतकेच गरजेचे.

आता या शर्टाला काय काय सोसावे लागते ते पाहू. ऊस बुडाशी तोडताना वाकावे लागते. पुढे मोळी बांधायची, ती दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घ्यायची आणि वाहनापर्यंत न्यायची. मोळी डोक्यावर जाते त्या क्षणी दोन्ही हात कानांच्या वर गेलेले असतात. शर्ट मात्र कमरेला पदराने आवळलेला असतो, त्यामुळे तो वर सरकू शकत नाही. त्यातच अंग घामाने भिजलेले असते. घामाने सुती धागा कमजोर होतो असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. ओला सुती धागा कोरड्यापेक्षा थोडा अधिकच मजबूत असतो. पण ओले कापड अंगाला चिकटते, घसरत नाही. त्यामुळे जो ताण साऱ्या पाठीवर आणि कुशीवर वाटला गेला असता, तो एकाच जागी गोळा होतो.

ताण किती पडतो हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मित्राच्या कमरेपासून कुशीवरून, काखेतून, दंडाच्या खालच्या बाजूने कोपरापर्यंत एक सुतळी अंगाला लावून धरा. प्रथम हात खाली ठेवून मोजा, मग हात सरळ वर करून मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. आपली कातडी काखेत घडी घालून ठेवलेली असते आणि ती ताणलीही जाते, म्हणून तिला हा फरक सहज पेलतो. कापडाला तो पेलत नाही.

येथे शिंप्याचे एक गुपित सांगितले पाहिजे. शर्ट काखेत अडकतो असे वाटले की आपण म्हणतो, मुंढा आणखी खोल काढा. (ज्या गोल भागावर बाही जोडतात त्याला मुंढा म्हणतात.) प्रत्यक्षात खोल मुंढ्याने अडचण वाढते! खांद्याचा सांधा हा केंद्रबिंदू आणि सांध्यापासून मुंढ्याच्या तळापर्यंतचे अंतर ही त्रिज्या समजा. त्रिज्या १५ सें.मी. असेल तर हात काटकोनातून फिरताना बाहीचा तळ सुमारे २१ सें.मी. सरकू पाहतो. तीच त्रिज्या २० सें.मी. केली तर तो सुमारे २८ सें.मी. सरकू पाहतो. गणित ढोबळ आहे, पण दिशा अचूक आहे. नवऱ्याचा किंवा भावाचा ढगळ शर्ट घालणाऱ्या बाईच्या अंगावर मुंढा आणखीच खाली येतो. बिचारीला वाटते, शर्ट सैल आहे, म्हणजे बरा.

मग उपाय काय? एक उपाय म्हणजे फाटणारी जागा भक्कम करणे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. कष्टकऱ्यांच्या विजारी खिशांच्या कोपऱ्यांत फाटत, म्हणून त्याने तेथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. पुढे लीव्हाय स्ट्रॉस या कापड-व्यापाऱ्याबरोबर त्याने १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. जीनच्या खिशावर आजही दिसतात ते हेच रिव्हेट. खिशाला हा उपाय ठीक आहे, कारण खिशाला हालचाल करायची नसते. काखेत रिव्हेट ठोकून भागणार नाही. तेथे ताण सोसण्यापेक्षा तो येऊच न देणे शहाणपणाचे.

ही युक्ती जुन्या शिंप्यांना माहीत होती. जुन्या धाटणीचा कुडता किंवा अंगरखा पाहायला मिळाला तर त्याची काख उलटून पाहा. बाही आणि अंग यांच्या मध्ये एक लहानसा चौकोनी तुकडा जोडलेला आढळतो. हिंदीत याला ‘चौबगला’ म्हणतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकापर्यंत पुरुषांचे तागाचे शर्ट सरळ आयताकृती तुकड्यांचे असत आणि त्यांच्या काखेत असाच चौरस असे. तो लावतानाची एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. चौरसाचा एक कोपरा खाली कुशीच्या शिवणीकडे असतो आणि त्याच्या समोरचा कोपरा बाहीच्या शिवणीकडे. उरलेले दोन कोपरे पुढे आणि मागे जातात. म्हणजे हात वर केला की ओढ बसते ती चौरसाच्या बाजूंवर नव्हे, तर कर्णावर.

कर्णावरच का? त्यासाठी एक सुती हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या दोन बाजू मध्यावर धरून ओढा. रुमाल जवळपास ताणला जात नाही, कारण तुम्ही सरळ धागेच ओढत आहात. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. रुमाल सहज लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. धागे तेच, पण या वेळी धागा लांबलेला नाही. उभे आणि आडवे धागे एकमेकांवर नुसते फिरले आणि त्यांच्यातले बारीक चौरस तिरपे होऊन समभुज चौकोन झाले. या तिरक्या दिशेला शिवणकामात ‘उरेब’ म्हणतात. पॅरिसमधील मादलेन व्हिओने हिने १९२० च्या दशकात याच गुणधर्मावर आपली सारी कीर्ती उभी केली. तिचे उरेब कापडाचे झगे एकही चुणी न घालता अंगाबरोबर वळत.

थोडी भूमिती करू. १० सें.मी. बाजूच्या चौरसाचा कर्ण १४.१ सें.मी. असतो. बाजू तेवढ्याच ठेवून तो असा तिरपा करा, की ज्या कोपऱ्यांना आपण ओढतो तेथील कोन ९० अंशांऐवजी ८० अंशांचा होईल. लांब कर्ण १५.३ सें.मी. होतो. ७० अंशांवर तो १६.४ सें.मी. होतो आणि आखूड कर्ण ११.५ सें.मी. उरतो. दाट विणीच्या कापडात धागे एकमेकांना भिडून त्याआधीच थांबतात, विरळ विणीत ते अधिक फिरतात. कागदाच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून ही चौकट करून पाहा, म्हणजे सारे लख्ख दिसेल.

आता या रचनेतली खरी गंमत लक्षात येईल. चौरसाच्या चारही कडा सरळ धाग्यावर कापलेल्या असतात, म्हणून त्यांची लांबी बदलत नाही. आणि शिवण असते ती नेमकी या कडांवरच! शिवणीचा दोरा ताणला जात नाही, म्हणून तो तुटत नाही. ताणले जाते ते मधले कापड, जेथे शिवणच नाही. हाच चौरस कोणी उरेब कापून लावला तर सगळे उलटे होईल. कडा लांबू लागतील, त्यांवरचा दोरा तटातट तुटेल आणि कर्ण मात्र सरळ धाग्यावर आल्यामुळे हटून बसेल. दिसायला दोन्ही तुकडे हुबेहूब सारखे असतात.

शिवणाची हौस असणारी मुले-मुली सुरुवात पिशवीपासून किंवा झबल्यापासून करतात. मी म्हणेन, काखेपासून करा. मुलग्यांनी ‘हे बायकांचे काम’ म्हणून पान उलटू नये. गावातल्या शिंप्याच्या दुकानात मशीनवर कोण बसते ते आधी आठवावे. मशीनसुद्धा लागत नाही. सुई, मजबूत दोरा, कात्री आणि मोजपट्टी पुरे.

चौरसासाठी शर्टाच्या कापडाएवढेच जाड सुती कापड घ्या. नवे असेल तर आधी धुऊन वाळवा. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत ताणलेले धागे पाण्यात सैल होऊन आटतात. ते आटणे शिवण्याआधी झालेले बरे. कडेचा एक धागा सुईने उचलून हलकेच ओढा. कापडावर एक विरळ रेघ उमटेल, ती खरी सरळ रेघ. तिच्यावरून १० सें.मी. बाजूचा चौरस कापा. चोहोबाजूंनी १ सें.मी. माया सोडा, म्हणजे कामाचा चौरस ८ सें.मी.चा राहील.

शर्ट उलटा करून काखेतला चौक शोधा. तेथे मुंढ्याची गोल शिवण आणि कुशीपासून बाहीत गेलेली लांब शिवण एकमेकींना छेदतात. फक्त मुंढ्याची शिवण उसवायची आहे, चौकापासून पुढे ८ सें.मी. आणि मागे ८ सें.मी. दुसरी शिवण तशीच राहू द्या. टीप दुहेरी असेल तर दोन्ही उसवाव्या लागतील. उसवणीच्या दोन्ही टोकांना चार टाके घालून जुनी टीप पक्की करा, नाहीतर ती पुढे उसवत जाईल.

आता चौरसाचा एक कोपरा उसवणीच्या पुढच्या टोकाला आणि त्याच्या समोरचा कोपरा मागच्या टोकाला टाचा. उरलेल्यांपैकी एक कुशीच्या शिवणीवर येईल, दुसरा बाहीच्या शिवणीवर. एकेक बाजू स्वतंत्र शिवा, उलटा टाका घेत बारीक टीप घाला आणि कोपऱ्यापाशी कडेच्या १ सें.मी. आधी थांबा. मायेवर टीप गेली तर कोपरा गोळा होतो. मुंढा गोल आणि चौरसाची कड सरळ, म्हणून थोडे जमवून घ्यावे लागते. घाई केली की चुण्या पडतात. शेवटी कच्च्या कडा दुमडून टाका घाला, नाहीतर आतून काचतील.

एवढ्याने कुशीच्या आणि बाहीच्या शिवणीमध्ये सुमारे ११ सें.मी.चा पूल तयार होतो, शिवाय उरेब दिशेने थोडे लांबणे मिळते. हात खाली असताना हा तुकडा काखेत घडी होऊन लपतो. तयार शर्टांत तो नसतो, कारण चार कोपरे सांभाळत शिवायला वेळ लागतो आणि कारखान्यात वेळेचा हिशेब कापडापेक्षा कडक असतो. बनियनला त्याची गरज पडत नाही. ते उभ्या-आडव्या धाग्यांचे नसून फाशांचे विणलेले असते आणि फास सगळ्या दिशांना ताणले जातात. पण उसाच्या पात्यापुढे बनियनचा निभाव लागत नाही.

पहिला प्रयोग जुन्या शर्टावर करा, आणि तोही एकाच काखेत. मग शर्ट घालून, खालून कोणाला तरी घट्ट धरायला सांगून, दोन्ही हात वर न्या. दोन्ही काखांतला फरक समजला की दुसरीही शिवून टाका. आईचा, मावशीचा किंवा शेजारच्या काकूंचा कामावरचा शर्ट असेल तर तो दिवाळीपूर्वी मागून घ्या. हंगाम संपवून त्या परत आल्या की तोच शर्ट उलटा करून पुन्हा पाहा, आणि आता तो कोठे विरला आहे ते जुन्या नोंदीशेजारी लिहा.