अंतरीचा शत्रू

मंडळी, लढाई म्हटली की समोरासमोर ठाकलेले दोन शत्रू आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण आणखी एक शत्रू असतो, तो शिपायाच्या स्वतःच्याच काळजात दडून बसतो. त्याची गोष्ट 'लेनमी अँतीम', म्हणजेच 'अंतरीचा शत्रू', या २००७ सालच्या फ्रेंच चित्रपटात सांगितली आहे.

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरिया देश १८३० पासून फ्रान्सने गिळंकृत केला. १ नोव्हेंबर १९५४ ला तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले, ते १९६२ साली देश स्वतंत्र होईतो चालले. चित्रपटाची कथा १९५९ सालची, काबिलीच्या डोंगरातली. तेरियां नावाचा तरुण लेफ्टनंट तुकडीवर रुजू होतो. कैद्यांचा छळ त्याला मुळीच मान्य नाही. पण सोबती मरतात, गावकऱ्यांच्या कत्तली दिसतात, आणि एके दिवशी तोही त्या छळात सामील होतो.

शेताचा बांध काही एका रात्रीत फुटत नाही. आधी खेकड्याचे बारीक भोक पडते, मग पाणी आपली वाट करते. माणसाच्या विवेकाचेही असेच होते बघा. 'एवढ्या एकाच वेळी' हेच ते भोक!

आता तुम्ही म्हणाल, छळाने एखादा बॉम्ब टळत असेल तर काय वाईट? १९५७ साली अल्जिएर्स शहरात फ्रेंच सेनेनेही हेच म्हटले. पण वेदना थांबावी म्हणून माणूस खरेखोटे काहीही कबूल करतो. आणि छळलेल्याचे भाऊबंद उद्या बंदूक उचलतात.

मग नाही म्हणणारे कोणी नव्हतेच काय? होते. जनरल बोलार्दिएर यांनी आपल्याला कामातून मोकळे करा असे सांगितले. पुढे जाहीर पत्र लिहिले म्हणून ६० दिवसांची किल्ल्यातली कैद भोगली. पोलीस खात्याचे मुख्य चिटणीस पॉल तेतजेन यांचा महायुद्धात जर्मनांनी छळ केला होता. अल्जिएर्सच्या कैद्यांच्या अंगावर त्यांना त्याच खुणा ओळखू आल्या, आणि त्यांनी राजीनामा दिला.

१९५७ सालीच पकडलेले तरुण गणिती मॉरिस ऑदँ पुन्हा घरी आले नाहीत. त्यांच्या मृत्यूची जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ साली, म्हणजे ६१ वर्षांनी, मान्य केली.

गुरुजी, वर्गात मुलांना एक प्रश्न जरूर घाला: वरून हुकूम आला, सोबतीही तेच करताहेत; अशा वेळी आपण कोठे थांबायचे? उत्तर आधी ठरलेले असले, तरच ऐनवेळी पाय रोवता येतात.