साठीनंतर भूतानच्या घाटांत, मोटारसायकलवरून

साठी ओलांडलेले वडील जेवता जेवता सहज म्हणतात, ‘‘ऑक्टोबरात आम्ही चौघे मित्र मोटारसायकलने भूतानला जाऊन यावे म्हणतोय,’’ आणि घरातील वातावरण पालटते. आईचा चेहरा उतरतो, मुलगा विषय बदलतो, सून औषधांच्या डब्याकडे पाहते. मग दोन्ही पक्ष वेगवेगळ्या वेळी डॉक्टरांकडे येतात. वडिलांना प्रकृती उत्तम असल्याचे प्रमाणपत्र हवे असते, तर मुलाला डॉक्टरांच्या तोंडून नकार. वाचकहो, आपण यांपैकी कोणत्याही बाजूला असा. मी मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी तीनच गोष्टी मागतो. रोज रात्री मुक्काम किती उंचीवर आहे, रोज किती तास गाडी चालवायची आहे आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. जन्मतारीख मी नंतर विचारतो. वय वाढले म्हणून विरळ हवेचा त्रास अधिक होतो, असे नाही. तरुणांनाही तो तितकाच होतो. वयाबरोबर येते ती आजारांची आणि गोळ्यांची सोबत, आणि विचार करायचा तो तिचा.

भूतानचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. आपल्याकडच्या ज्येष्ठ मोटारसायकलस्वारांचा ओढा तिकडे आहे आणि त्याला कारणेही आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, रुपया चालतो, भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून प्रवेशपरवाना मिळतो; आधार कार्डावर मात्र विसंबू नये. दर रात्रीसाठी पर्यटकाकडून शुल्क घेतले जाते. ते भारतीयांना इतरांपेक्षा बरेच कमी आहे, तरी नियम आणि दर बदलत असतात. तिकिटे काढण्याआधी भूतानच्या पर्यटन विभागाकडून ते ताजे करून घ्यावेत. वाहनासाठीही स्वतंत्र परवाना काढावा लागतो. इथवरची कामे मित्रमंडळी उत्साहाने करतात. शरीराचे नियोजन तेवढे राहून जाते.

आता उंचीचे गणित पाहू. सीमेवरचे फुंत्शोलिंग समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, आपल्या पुण्याहूनही खाली. तिथून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेली राजधानी थिंफू २,३०० मीटरच्या आसपास. पारोही साधारण २,२०० मीटरवर. पुनाखा खोलगट आणि उबदार, सुमारे १,२०० मीटर. थिंफू आणि पुनाखा यांच्यामधली दोचुला खिंड ३,१०० मीटरच्या घरात, फोबजिखा खोरे सुमारे २,९०० मीटरवर, आणि पारोहून हा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची चेलेला खिंड जवळजवळ ४,००० मीटर. चेलेलावर प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास असतो.

हे आकडे भयंकर वाटतील. पण त्यात ज्येष्ठांच्या सोयीची एक गोष्ट दडलेली आहे. भूतानच्या पश्चिम भागात खिंडी उंच असल्या तरी झोपायची गावे खाली आहेत. विरळ हवेचा आजार प्रामुख्याने ठरतो तो आपण कुठे झोपतो त्यावर. दुपारी अर्धा तास कोणत्या खिंडीत उभे राहून छायाचित्रे काढली, त्याला त्यामानाने कमी महत्त्व. म्हणून मी सुचवतो तो क्रम असा. पहिली रात्र फुंत्शोलिंगला. दुसऱ्या दिवशी थिंफू, आणि तिथे किमान दोन रात्री. मधला दिवस गाडीला हातही न लावता काढावा. त्यानंतर दोचुला ओलांडून पुनाखाला उतरावे. पुढे पारो, तिथे तीन रात्री. आणि सगळ्यांत शेवटी, शरीर सरावल्यावर, पारोहून चेलेलाला जाऊन त्याच दिवशी परत. ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस आधीच दुखावलेले आहे त्यांनी फोबजिखाचा मुक्काम गाळावा. तिबेटातून येणारे काळ्या मानेचे क्रौंच पाहण्याचा मोह ऑक्टोबरअखेरपासून पुढे अनावर होतो, हे मला ठाऊक आहे. पण पुनाखाच्या उबेतून एकदम त्या थंड खोऱ्यात झोपायला जाणे अशा हृदयाला परवडणारे नव्हे.

एखाद्याला ३,००० मीटरच्या वर झोपायचेच असेल, तर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, गळून जाणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच वर जाणे थांबवावे. मात्र बोलण्यात असंबद्धता आली, सरळ रेषेत चालता येईना, बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे, आणि तेही मोटारसायकलवरून नव्हे, चारचाकीतून. भूतानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११२ हा क्रमांक आहे. प्रत्येकाच्या फोनमध्ये तो असावा. सर्वांत मोठे रुग्णालय थिंफूला, म्हणजे चेलेलाहून काही तासांवर.

ॲसिटाझोलमाइडची गोळी मित्राने दिली म्हणून कुणीही घेऊ नये. ती लघवी वाढवते, शरीरातील पोटॅशियम कमी करू शकते, आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी आधीच चालू असलेल्याला, मूत्रपिंड अशक्त असलेल्याला किंवा सल्फाची तीव्र ॲलर्जी येऊन गेलेल्याला ती त्रास देऊ शकते. हातापायांना मुंग्या येतात, त्या ब्रेकच्या दांडीवर बोटे ठेवणाऱ्याला त्रासदायक. तिची मात्रा मी येथे मुद्दाम देत नाही. ती आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची, आणि घ्यायचे ठरलेच तर एकदा घरी असताना घेऊन पाहायची.

आता औषधांची यादी. सकाळी घेतलेली लघवीची गोळी आणि घाटातला पाच तासांचा प्रवास यांचे जमत नाही, हे प्रत्येकाला कळते. त्यावरचा उपाय म्हणून लोक एक तर गोळी बंद करतात नाहीतर पाणी पिणे. दोन्ही घातक. कोरड्या, थंड हवेत तहान जाणवत नाही आणि श्वासावाटे पाणी जात राहते. त्यात पाणी तोडले की खिंडीत गाडीवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळीची वेळ बदलता येते, पण ती डॉक्टरांना विचारून. आणि दर तासाला थांबावे. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी याबाबतीत संकोच करू नये. थांबण्याचे निमित्त सगळ्यांनाच हवे असते, फक्त आधी कुणी म्हणत नाही.

मधुमेहींची गोष्ट वेगळी. इन्शुलीन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर गाडी चालवताना घसरली, तर दरदरून घाम येण्यापूर्वीच निर्णय चुकू लागतात. मोटारसायकलवर त्याला वाव नसतो. निघण्याआधी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी, खिशात ग्लुकोजची पुडी हाताला लगेच लागेल अशी ठेवावी आणि जेवण लांबवू नये. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका अधिक. त्याविषयी आधी बोलून घ्यावे. इन्शुलीन गोठले की निकामी होते. ते गाडीच्या पेटीत न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावे. थंडीत आणि उंचीवर ग्लुकोमीटरचा आकडाही थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. आकडा आणि अंगाची जाणीव जुळत नसेल तर हात ऊब देऊन पुन्हा तपासावे.

झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी, सर्दी झाली म्हणून गुंगी आणणारे औषध, आणि पाहुणचार म्हणून समोर आलेली ‘आरा’ ही घरगुती मद्याची वाटी, ही तिन्ही पहिल्या काही रात्री वर्ज्य. उंचीवर झोपेतला श्वास आधीच अनियमित होतो. त्याला आणखी मंद करू नये. मिरची आणि चीज यांची ‘एमा दात्शी’ एकदा अवश्य चाखावी. आम्लपित्त असलेल्यांनी एकदाच.

काहींना मी स्पष्ट सांगतो की गाडी चालवू नका. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, थोड्या चढावर छातीत दुखत असेल, कारण न समजता चक्कर आली असेल, वा फिट येण्याचा आजार असेल, तर हा विषय तूर्त बंद. रक्त पातळ करणारी प्रभावी औषधे चालू असणाऱ्यांचा प्रश्न हृदयाचा नसून पडण्याचा आहे. घाटात मोटारसायकल जागच्या जागी आडवी होणे ही रोजची घटना. तरुणाला खरचटते, पण अशा माणसाच्या डोक्यात, हेल्मेट असूनही, रक्तस्राव होऊ शकतो. त्यांनी मित्रांसोबत जावे, पण मागून येणाऱ्या चारचाकीतून. अशी गाडी कोणत्याही ज्येष्ठ गटाबरोबर असावीच, हे माझे ठाम मत. दमलेल्याला बसायला जागा आहे, एवढ्याने माणूस दमल्याचे कबूल करतो.

मागच्या आसनावर बसणाऱ्या पत्नीचा विचार नियोजनात कुणी करीत नाही. साठीनंतरच्या स्त्रियांत हाडांची ठिसूळता इतकी सर्रास आढळते की खड्ड्यातला एक जोराचा धक्काही मणका दबायला पुरेसा होतो. वहिनींची उंची अलीकडे कमी झाली आहे का, पाठीला पोक येत आहे का, हे पाहावे. हाडांची घनता तपासून घ्यावी, मगच आसन निवडावे.

परवान्याकडे एक नजर टाकावी. आपल्याकडे चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि पंचावन्न ओलांडल्यावर ते नूतनीकरण पाच वर्षांपुरतेच असते. ऐन प्रवासात मुदत संपलेली आढळू नये. ते प्रमाणपत्र म्हणजे चेलेलासाठी दाखला नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. प्रवासापूर्वी दोन महिने डोळे तपासावेत. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर बोगद्यासारख्या वळणावरून उन्हात येताना समोरचा रस्ता पांढरा होतो. मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, हेही घरीच पाहता येते.

आणि खरी परीक्षा द्यावी ती सह्याद्रीत. सलग तीन दिवस, रोज चार-पाच तास, ताम्हिणी, वरंधा किंवा आंबेनळी घाटातून, पूर्ण जाकीट, बूट आणि सामानासह. पहिल्या दिवशी सगळेच तरुण असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मनगटे, कंबर आणि उत्साह यांची काय अवस्था आहे, ते लिहून ठेवावे. प्रवासाला जी गाडी नेणार ती बहुधा दोनशे किलोच्या घरातली असेल. आडवी पडलेली ती गाडी एका मित्राच्या मदतीने उभी करता येते का, हे तिथेच करून पाहावे. महाराष्ट्रातून गाडी चालवत सीमेपर्यंत जाण्याचा हट्ट मात्र सोडावा. बागडोग्र्यापर्यंत विमानाने आणि पुढे सिलिगुडी परिसरातून भाड्याच्या गाडीने गेले तर अंगातील शक्ती डोंगरासाठी शिल्लक राहते. ऋतू मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाळ्यात दरडी आणि कडक हिवाळ्यात खिंडींत बर्फ.

विम्याचे कागद मुलांनी वाचावेत, कारण अक्षर बारीक असते. आपला नेहमीचा आरोग्यविमा बहुधा देशाबाहेर उपयोगी पडत नाही. प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत आणि मोटारसायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरला आहे का, हे लेखी विचारावे. वाहनाच्या विम्याला भूतानपुरती वाढ जादा हप्ता भरून मिळू शकते. गाडी भाड्याची असली तरी मालकाला त्याविषयी विचारावे.

घरी अंथरुणाला खिळलेली आई किंवा सासरे असणाऱ्या, आणि तरीही स्वतःसाठी आठ दिवस काढू पाहणाऱ्या वाचकांना दोन शब्द. जाण्याआधी पर्यायी माणसाने आपल्या देखत किमान चार दिवस सर्व कामे करावीत. केवळ सूचनांचा कागद पुरत नाही. रात्री तीनला कुणाला फोन करायचा, ते एकच नाव ठरवावे. भूतानचे घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास आहे. रोज फोन करण्याची वेळ ठरवताना ते मोजावे, म्हणजे उगीच घोर लागणार नाही. डोंगरात काही ठिकाणी फोन लागत नाही, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

औषधे दुप्पट घ्यावीत. निम्मी स्वतःजवळ आणि निम्मी चारचाकीत. मूळ वेष्टनासह, औषधाचे शास्त्रीय नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. परतल्यावर पहिल्या आठवड्यात एका पोटरीला सूज किंवा दुखरा ताठरपणा जाणवला, तर तो प्रवासाचा शीण समजून चोळत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.