चित्र उघडते, पण मराठी उमटते का?

पुणे - खराडीचा एखादा नकाशा संगणकावर मोठा करून पाहिला, की नगर रस्त्याच्या कडा दातेरी होतात आणि मुळा-मुठेचे नाव धूसर दिसू लागते. नकाशा छायाचित्राप्रमाणे ठिपक्यांत साठविलेला असल्याने असे घडते. 'एसव्हीजी' या मुक्त स्वरूपात ही अडचण येत नाही. त्यात रेषा, वक्र आणि रंग यांचे गणिती वर्णन साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असते. त्यामुळे तीच फाइल मोबाइलवर आणि चौकातील फलकावर सारखीच रेखीव उमटते.

'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम'ने सप्टेंबर २००१ मध्ये हे प्रमाण मान्य केले. ते कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाही. तथापि, सॉफ्टवेअरची साथ मिळण्यास बराच काळ गेला. फायरफॉक्सने २००५ मध्ये, तर इंटरनेट एक्स्प्लोररने २०११ मध्ये हे स्वरूप स्वीकारले. आता सर्व प्रमुख ब्राऊझर ते दाखवितात. चित्रे तयार करण्यासाठी 'इंकस्केप' हे मोफत सॉफ्टवेअर २००३ पासून विकसित होत आहे.

मराठीची कसोटी

खरी कसोटी चित्रातील अक्षरांची असते. 'चित्र' हाच शब्द घ्या. संगणक आधी 'च' आणि नंतर वेलांटी साठवितो. दाखविताना मात्र वेलांटी आधी यावी लागते. 'त' आणि 'र' यांचे जोडाक्षरही जुळवावे लागते. इंकस्केप आणि प्रमुख ब्राऊझर हे काम करतात. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते, तेथे शब्द विस्कटतो. युनिकोडपूर्व फाँट वापरला असेल, तर तो नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

यावर उपाय म्हणून अक्षरांचे रेषाकृतीत रूपांतर केले जाते. त्यामुळे छपाई निर्दोष होते. पण 'खराडी' हे नाव मग केवळ आकार उरते. ते शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि अंधांसाठीचे वाचक-सॉफ्टवेअरही ते वाचू शकत नाही.

म्हणून मूळ फाइल युनिकोड मजकुरासह जपावी आणि छपाईसाठी रेषाकृतीची वेगळी प्रत करावी, हे श्रेयस्कर. एकाच एसव्हीजी फाइलमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी नावे ठेवून वाचकाच्या भाषेनुसार दाखविण्याचीही सोय आहे. गावांची नावे नकाशावर मराठीतच टिकवायची, तर ती अक्षरे म्हणूनच साठविली पाहिजेत.